कबुली, तडजोड आणि शिक्षेचा विवेकाधिकार

आरोपीने गुन्हा कबूल करावा आणि त्या बदल्यात शिक्षेत सूट घ्यावी, अशी रीतसर सोय भारतात ५ जुलै २००६ पासून आहे. त्या दिवशी फौजदारी प्रक्रिया संहितेतले नवे प्रकरण एकवीस-ए लागू झाले आणि कोर्टाच्या बोलीत ‘प्ली बार्गेनिंग’ हा शब्द रुळला. सोय सर्वांना मात्र नाही. फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षांहून अधिक कैदेचा गुन्हा असेल तर ती मिळत नाही. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीला बाधा आणणाऱ्या गुन्ह्यांना ती नाही, आणि गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा मुलाविरुद्ध (मूळ तरतुदीत चौदा वर्षांखालील) घडला असेल तर शिक्षा कितीही कमी असली तरी नाही. बलात्कार पहिल्याच अटीवर बाद होतो. विनयभंगाला कमाल पाच वर्षे असली तरी तो शेवटच्या अटीवर अडतो. जुन्या शब्दरचनेत एक फट राहून गेली होती. चौदा ते अठरा वयाच्या मुलग्यावरचा, पोक्सोच्या, म्हणजे बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम ८ खालचा, तीन ते पाच वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा अक्षरशः वाचला तर वगळलेला नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने वयाचा आकडा काढून नुसते ‘बालक’ म्हटले आणि ती फट बुजली.

कायदा इतका स्वच्छ असूनही पुण्याच्या नारायण पेठेतल्या फौजदारी वकिलांच्या कचेऱ्यांत हा प्रश्न हमखास येतो. केळकर रस्त्याच्या आजूबाजूला, जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर या कचेऱ्या असतात. दिवसभर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात तारखा झाल्या की संध्याकाळी इथे पक्षकार बसतात. लैंगिक गुन्ह्यात अटक झालेल्या मुलाचे आईवडील सहसा एकटे येत नाहीत. बरोबर मामा असतो, गावचा कुणी जाणता असतो, आणि बोलतो तोच. “साहेब, पोरगं कबूल करायला तयार आहे. केलं तर किती कमी होईल?” यातला ‘किती’ महत्त्वाचा. हिंदी चित्रपट, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि तुरुंगातल्या बराकीतली माहिती यांतून कबुलीला काहीतरी भाव असतोच, अशी समजूत घट्ट झालेली असते. वकिलाचे उत्तर ऐकून घरच्यांचा चेहरा पडतो, कारण ते असते, “ठरवून असं काहीच कमी होत नाही.” दुसरा प्रश्न मग थोड्या खालच्या आवाजात येतो: “मिटवता येईल का?”

या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत, म्हणजे कबुलीची किंमत आणि तडजोडीची किंमत यांच्या मधे, न्यायाधीशाचा शिक्षा ठरवण्याचा अधिकार गेली पन्नास वर्षे इकडून तिकडे ओढला गेला आहे.

जिथे प्ली बार्गेनिंग चालते तिथेही न्यायाधीशाच्या हाती फारसे काही राहत नाही, हे आधी पाहिले पाहिजे. आरोपी शपथपत्रासह अर्ज करतो. अर्ज स्वखुशीचा आहे की दबावाखालचा, हे न्यायाधीश बंद खोलीत, दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून तपासतो. मग सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित यांची बैठक होते, नुकसानभरपाई ठरते, सह्या होतात. त्यानंतर शिक्षेचे गणित कायद्यानेच घालून दिलेले आहे: गुन्ह्याला किमान शिक्षा असेल तर तिच्या निम्मी, नसेल तर सांगितलेल्या शिक्षेच्या एक चतुर्थांश. नव्या संहितेत पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्यासाठी हे प्रमाण आणखी खाली, अनुक्रमे एक चतुर्थांश आणि एक षष्ठांश, आणले आहे. दोषारोप ठेवल्यापासून अर्जाला तीस दिवस आणि तोडग्याला साठ दिवस अशी मुदतही घातली आहे. या निकालावर नेहमीचे अपील नाही. विशेष अनुमती याचिका किंवा रिट एवढेच मार्ग उरतात.

याचा अमेरिकेशी मेळ बसत नाही, आणि पक्षकारांच्या डोक्यात असते ते अमेरिकेतलेच चित्र. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात नोंदवले की संघीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून येतात. तिथला सरकारी वकील आरोप उतरवू शकतो, काही सोडून देऊ शकतो, शिक्षेची शिफारस करू शकतो. करार झाला तरी न्यायाधीश बहुधा त्याला बांधील नसतो. याचे गाजलेले उदाहरण दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीचे. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तेरा वर्षांच्या मुलीसंदर्भात त्याच्यावर सहा आरोप होते. मुलीला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागू नये, ही तिच्या घरच्यांचीच इच्छा होती, म्हणून अल्पवयीन मुलीशी बेकायदा संबंध या एकाच आरोपाची कबुली देण्याचे ठरले. न्यायाधीश लॉरेन्स रिटेनबँड यांनी त्याला नव्वद दिवसांच्या तपासणीसाठी तुरुंगात पाठवले, बेचाळीस दिवसांनी तो सुटला. न्यायाधीश आता आणखी कैद देणार, अशी कुणकुण लागताच १ फेब्रुवारी १९७८ रोजी तो देश सोडून गेला. प्रकरण आजही पूर्ण मिटलेले नाही. करार झाला आणि शेवटचा शब्द मात्र न्यायाधीशाचाच राहिला, तर तिन्ही बाजूंना अनिश्चितता कशी भोगावी लागते, याचा हा धडा. इंग्लंडने अनिश्चितता कमी करायला उघड दर लावला आहे: पहिल्याच संधीला कबुली दिली तर शिक्षेत एक तृतीयांश सूट, खटल्याच्या दिवशी दिली तर एक दशांश. बलात्कारालाही हा दर लागू होतो, आणि त्याचे उघड सांगितलेले एक कारण म्हणजे पीडितेची साक्षीतून सुटका.

हे कारण हलके नाही. शिवाजीनगरच्या कोर्टात साक्ष बंद दालनात होते, पोक्सोत आरोपीच्या वकिलाचे प्रश्न न्यायाधीशामार्फत विचारले जातात, मुलीसमोर आरोपी येऊ नये म्हणून पडदा असतो. तरी उलटतपास उलटतपासच असतो. दोन-तीन वर्षांपूर्वीची घटना, तिच्यातली वेळ, कपडे, दरवाजाची कडी, आधीच्या जबाबात काय होते आणि आता काय आहे, हे सगळे तासन्‌तास चालते. आरोपीने आधीच कबूल केले असते तर हे टळले असते, असा विचार बचावाच्या बाजूने बसलेल्या माणसाच्याही मनात आल्यावाचून राहत नाही.

भारतातल्या न्यायालयांना सुरुवातीपासून या सौद्याचे वावडे होते, आणि त्याचा गाजलेला दाखला महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मिळतो, तोही खाद्यतेलाच्या भेसळीवरून. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७६. कबुली दिल्यावर मॅजिस्ट्रेटने नुसता दंड करून सोडले होते. उच्च न्यायालयाने सहा महिन्यांची किमान कैद दिली आणि सर्वोच्च न्यायालयात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी कबुलीच्या अशा व्यवहारावर जहरी टीका केली. त्यांचा रोख असा की आरोपी व्यापारी, सरकारी वकील आणि न्यायालय यांचे यात भागते, आणि ज्याच्या पोटात भेसळ गेली त्याला कुणी विचारत नाही.

पण त्याच कृष्ण अय्यरांनी १९७९ मध्ये, फूलसिंग विरुद्ध हरियाणा राज्य या बलात्काराच्या प्रकरणात, चार वर्षांची शिक्षा दोनवर आणली. आरोपी बावीस वर्षांचा, नात्यातला, आणि पीडितेच्या सासरच्यांनी त्याला क्षमा केल्याची नोंद निकालात आहे. सौदा म्हणून जे नाकारले, ते दया म्हणून आत आले. त्या काळी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७६ ला किमान शिक्षा नव्हती. जन्मठेपेपासून एका दिवसापर्यंत काहीही देता येत असे, आणि ही मोकळीक कशासाठी वापरली जाते हे न्यायाधीशाच्या स्वभावावर ठरत असे.

महाराष्ट्राने याची दुसरी बाजू तेव्हाच पाहिली होती. आताच्या गडचिरोली आणि तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत २६ मार्च १९७२ च्या रात्री घडलेले, मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराचे प्रकरण. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांनाही निर्दोष ठरवले. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यातून चळवळ उभी राहिली, आणि १९८३ ची दुरुस्ती आली. बलात्काराला किमान सात वर्षे, कोठडीतल्या आणि सामूहिक बलात्काराला किमान दहा. संसदेने मात्र एक खिडकी उघडी ठेवली: निकालात ‘पुरेशी आणि विशेष कारणे’ नोंदवून न्यायाधीश किमानाच्या खाली जाऊ शकत होता.

पुढची तीस वर्षे या खिडकीतून काय काय आत आले ते वाचण्यासारखे आहे. १९८९ मध्ये हरियाणातल्या पोलिसांच्या एका प्रकरणात पीडितेच्या ‘वर्तना’चा उल्लेख करून दहाची पाच वर्षे झाली. टीका झाल्यावर पुनर्विचारात सांगितले गेले की वर्तन म्हणजे चारित्र्य नव्हे, तक्रारीला लागलेला उशीर. २००० मध्ये कर्नाटकातल्या प्रकरणात उच्च न्यायालयाने आरोपी अडाणी, दुर्बल घटकातला आणि दारूच्या आहारी गेलेला म्हणून दहाची चार केली, ती सर्वोच्च न्यायालयाने परत दहा केली. फेब्रुवारी २०११ मध्ये बलदेव सिंग प्रकरणात सामूहिक बलात्काराचे दोषी, दोन्ही बाजूंत समेट झाला आणि चौदा वर्षे उलटली म्हणून, भोगलेल्या सुमारे साडेतीन वर्षांवर सुटले आणि प्रत्येकाने पीडितेला पन्नास हजार रुपये द्यायचे ठरले. नाव काहीही असो, हा प्ली बार्गेनिंगचाच व्यवहार होता. फरक इतकाच की त्यात कबुली नव्हती, बंद खोलीतली चौकशी नव्हती, आणि समेटाला ‘हो’ म्हणताना त्या बाईवर कुणाचा दाब होता का हे तपासायची तरतूदही नव्हती.

ऑगस्ट २०१३ मध्ये शिंभू विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात न्या. पी. सदाशिवम, न्या. रंजना देसाई आणि न्या. रंजन गोगोई यांनी समेट हे शिक्षा कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे बजावले. तोवर संसदेने दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर खिडकीच काढून टाकली होती. २०१८ मध्ये किमान सातवरून दहावर गेले, १६ वर्षांखालील मुलीसाठी वीसवर. पोक्सोचे कलम ६ ऑगस्ट २०१९ पासून वीस वर्षांपासून सुरू होते.

याचा कचेरीतला परिणाम दाखवायला आलेख लागत नाही. दोषारोप मराठीत वाचून दाखवला जातो, ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारले जाते, आणि आरोपी सहसा ‘नाही’ म्हणतो. कायद्याने तो ‘हो’ म्हणू शकतो आणि न्यायाधीश स्वविवेकाने त्यावर दोषी ठरवू शकतो. पण गंभीर गुन्ह्यात कुणी ‘हो’ म्हटलेच तर न्यायाधीश बहुधा त्याला परिणाम समजावतात, वकिलाशी बोलायला वेळ देतात, आणि पुढच्या तारखेला तो ‘नाही’वर येतो. ‘हो’ म्हणून दहाच मिळणार आणि ‘नाही’ म्हणूनही दहाच, तर ‘नाही’त निर्दोष सुटण्याची शक्यता तरी असते. वकील दुसरा सल्ला देऊ शकत नाही. खटल्याच्या शेवटी शिक्षेवरची वेगळी सुनावणी असते. फाशीच्या शिक्षेवरच्या बचन सिंग निकालापासून तिला फार मोठे स्थान सांगितले गेले आहे. प्रत्यक्षात किमान शिक्षा ठरलेली असली की ती पाच-दहा मिनिटांत उरकते. वय लहान, पहिला गुन्हा, आई आजारी, घरात कमावता एकटाच. सरकारी वकील ‘जास्तीत जास्त शिक्षा व्हावी’ म्हणतात. रोजनाम्यात दोन ओळी पडतात. ज्या सुनावणीत पीडितेला भरपाई किती, तिचे म्हणणे काय, आरोपी सुधारण्याची शक्यता किती, हे खोलात यायला हवे, ती सुनावणी आकडा आधीच ठरल्यामुळे कोरडी झाली आहे.

विवेकाधिकार मात्र संपला नाही, त्याने जागा बदलली. तो शिक्षेतून उठून पुराव्याच्या मूल्यमापनात आणि कलमाच्या निवडीत जाऊन बसला. याचे ठळक उदाहरण नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल. कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोखाली ‘लैंगिक हल्ला’ ठरत नाही, असे म्हणून आरोपीला कलम ८ च्या तीन वर्षांतून काढून विनयभंगाच्या एका वर्षात टाकले गेले. शिक्षा फार जड आहे, ही भावना निकालातच डोकावते. किमानाच्या खाली जाता येत नाही म्हणून व्याख्याच आकुंचित केली, असे वाचणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून तीन वर्षे परत आणली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात न्या. साधना जाधव आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या तिघांची फाशी आयुष्यभराच्या कैदेत बदलली. तिथे कायद्याने पर्याय ठेवलेला होता, म्हणून कारणे लिहिता आली, आणि ती पटोत वा न पटोत, वाचून वाद घालता येतो. व्याख्येत किंवा शंकेच्या फायद्यात लपलेल्या सवलतीशी असा वाद घालता येत नाही.

किमान शिक्षेचा ताठरपणा कुठे नेतो हे मे २०२५ मध्ये दिसले. पश्चिम बंगालमधल्या एका पोक्सो प्रकरणात गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असलेली मुलगी आरोपीबरोबरच संसार करत होती, तिला मूल होते, आणि त्याच्या खटल्यासाठी तीच धावपळ करत होती. उच्च न्यायालयाने रद्द केलेली दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने परत आणली होती, पण घटनेच्या कलम १४२ खालचा असाधारण अधिकार वापरून त्याला शिक्षा दिली नाही. मूळचे ठाण्याचे न्या. अभय ओक यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवसांतला हा निकाल. समिती नेमून, मुलीशी बोलून, तिची परिस्थिती नोंदवून न्यायालय तिथवर आले. विवेकाधिकार असा वापरला जाऊ शकतो. पण कलम १४२ शिवाजीनगरच्या विशेष न्यायाधीशाकडे नाही.

‘मिटवण्या’चा रस्ताही पूर्ण बंद नाही. २०१२ च्या ग्यान सिंग निकालाने बलात्कारासारखे गुन्हे समेटावर रद्द करू नयेत असे सांगितले, २०१५ च्या मदनलाल निकालाने आणखी कडक शब्दांत सांगितले. मार्च २०२१ मध्ये अपर्णा भट प्रकरणात न्यायालयांनी लग्नाची किंवा समेटाची सूचनाही करू नये, असे ठरले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या एका आरोपीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयात लग्न करणार का, अशी विचारणा झाली होती आणि तिच्यावर देशभर वादळ उठले होते. तरीही जुलै २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, औरंगाबाद खंडपीठाने नकार दिल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराचा गुन्हा रद्द केला. तक्रारदार स्त्रीने लग्न झाल्याचे, पैसे मिळाल्याचे आणि खटला नको असल्याचे शपथपत्रावर सांगितले होते. हे अपवादात्मक आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पण नारायण पेठेतल्या कचेरीत पुढच्या आठवड्यात त्याच निकालाची छापील प्रत घेऊन कुणी तरी मामा येतोच. शपथपत्राचा मार्ग जमला नाही, तर साक्षीच्या दिवशी मुलगी ‘मला काही आठवत नाही’ म्हणते, सरकारी वकील तिला फितूर घोषित करतात, आणि आरोपी सुटतो. या वाटेवर बोलणी कुठे झाली, किती पैसे गेले, कुणी कुणाला काय म्हटले, हे कोणत्याच कागदावर येत नाही.

या कामात जुन्या-नव्या कायद्याची सरमिसळ आणखी काही वर्षे राहणार आहे. राज्यघटनेच्या कलम २० नुसार गुन्हा घडला त्या दिवशी होती त्याहून जास्त शिक्षा देता येत नाही. म्हणून आरोपपत्र हाती आले की मुरलेला वकील आधी घटनेची तारीख शोधतो. ३ फेब्रुवारी २०१३ पूर्वीची असेल तर ‘पुरेशी आणि विशेष कारणे’ मांडायला अजून जागा आहे. त्यानंतरची असेल तर सात वर्षे. २१ एप्रिल २०१८ नंतरची असेल तर दहा. मुलीचे वय अठराखाली असेल तर पोक्सो आणि १६ ऑगस्ट २०१९ ही आणखी एक रेघ. १ जुलै २०२४ नंतरची असेल तर कलम ३७६ च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ६४. पुण्यातल्या शिक्षेविरुद्धचे अपील मात्र अजूनही मुंबईलाच जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, पण त्याच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही.